‘काही नाही रे, साधा ताप आहे!’

आजारी मुलाशी खोटे बोलण्याचा परवाना आपण मोठ्या माणसांनी स्वतःच काढून घेतला आहे. पडसे-खोकल्याला ते खपून जाते. पण दुखणे रक्ताच्या कर्करोगाचे असेल, तर या प्रेमळ खोटेपणाची किंमत ते मूलच मोजते, असे माझे स्पष्ट मत आहे.

मायरा ब्लूबाँड-लँगनर या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी या दुखण्याच्या तीन ते नऊ वर्षांच्या मुलांमध्ये वावरून अभ्यास केला. १९७८ साली त्यावर त्यांचे पुस्तक निघाले. त्या काळी यांतली बहुतेक मुले दगावत आणि त्यांना तसे सांगण्याची पद्धत नव्हती. पण मुलांना सगळे ठाऊक होते! औषधांची नावे, त्यांचे परिणाम ती एकमेकांकडून शिकत. ओळखीचे एखादे मूल गेले की त्याचा अर्थही लावीत. आई-वडिलांपुढे मात्र काहीच ठाऊक नसल्याचे सोंग. का, तर ती रडतील, आपल्यापाशी बसायची टाळतील! सहा-सात वर्षांच्या पोराने आईला सांभाळायचे, हा कुठला न्याय?

आज चित्र पालटले आहे. मुलांमध्ये सर्वांत अधिक आढळणाऱ्या रक्ताच्या कर्करोगातून प्रगत देशांत दहापैकी आठांहून अधिक मुले बरी होतात. उपचार दोन-तीन वर्षे चालतात. मूल वाचते, मनात बसलेल्या भीतीचे काय? माझा मावसभाऊ उपचार संपवून पाचवीत बसला, तेव्हा स्पिरिटच्या नुसत्या वासाने त्याला ओकारी येई. रक्ताचा रिपोर्ट चांगला, म्हणून घरचे निश्चिंत. वर्गात त्याच्या डब्याला कोणी हात लावीना. (कर्करोग असा लागत नाही, हे मास्तरांनी एकदा सांगायला काय हरकत होती?) एके रात्री त्याने मावशीला विचारले, “मी देवापुढचे पैसे घेतले होते, म्हणून मला हे झालं का गं?” दोन वर्षे हे ओझे त्या पोराने एकट्याने वाहिले होते. पुढच्या तपासणीला एका नर्सबाईंनी कागदावर रक्तपेशी काढून त्याला सारे समजावले. भीती एका दिवसात गेली नाही. पण तो प्रश्न विचारू लागला.

कोणी म्हणेल, सत्य ऐकून मूल खचेल. सगळेच एका दमात सांगा, असे कुठे म्हणतो मी? ते विचारील तेवढ्याचे, त्याच्या वयाला झेपेल असे, खरे उत्तर द्यावे.

आपल्या महाविद्यालयात मानसशास्त्र शिकवले जाते. रुग्णालयाची परवानगी काढून आणि आधी थोडे शिकून घेऊन, आठवड्यातून एक तास मुलांच्या वॉर्डात चित्रे काढायला, गोष्टी ऐकायला बसणारे चार-सहा विद्यार्थी आपल्यात निघणार नाहीत काय? माझे नाव आधी लिहा.