कोहळं दारावर टांगून बी टिकत नाही



आपल्या प्रकाशा-शहादा पट्ट्यात पपई, केळी, ऊस यांच्यावर रोज बोलणं होतं. आज परसातल्या कोहळ्यावर. माझं मत स्पष्ट आहे: देशी कोहळ्याचं बी टिकवायचं तर कोहळं खाल्लं पाहिजे. नजर लागू नये म्हणून टांगलेलं कोहळं बाजारातून येतं आणि सडलं की बियांसकट उकिरड्यावर जातं. रोजच्या भाजीचं बी मात्र घरची बाई राखेत घालून जपते. आपल्याच जिल्ह्यात धडगावच्या डोंगरात मका-ज्वारीची जुनी वाणं टिकली, कारण ती तिथली भाकर आहे.

खर्च फार नाही. पहिल्या चांगल्या पावसावर दोन-तीन आळी, शेणखत, वेल मांडवावर. फळावर पांढरी भुकटी चढली, देठ सुकला की देठासकट काढा. कोरड्या, हवेशीर जागी काही महिने टिकतं. कोल्ड स्टोरेज लागत नाही.

पण वेल पपईच्या बांधावर नको. पपईचा रिंगस्पॉट विषाणू वेलवर्गीय पिकांवरही जगतो आणि मावा तो पपईवर नेतो. म्हणून परसातच, आणि तेही पपईपासून लांब.

शेजारी संकरित कोहळा असेल तर मधमाश्या बी मिसळवतात. उद्या उमलणाऱ्या नर आणि मादी कळ्या संध्याकाळी दोऱ्याने बांधा. सकाळी नराचा पराग मादीवर फिरवा, मादी फूल परत बांधा, खूण करा. ते फळ फक्त बियाण्याला. भोपळा-दुधीची भीती नको, त्यांचा कोहळ्याशी संकर होत नाही.

राहिलेली फळं स्वयंपाकघरात जाऊ द्या. किसून पिळायचं, भिजवून वाटलेली उडदाची डाळ, मिरची, जिरं, मीठ घालून कडक उन्हात सांडगे घालायचे. पिळलेलं पाणी फेकू नका, त्यात पीठ मळा. उन्हाळ्यात भाजीचे भाव चढतात तेव्हा हेच सांडगे कालवणाला येतात.

2001 च्या पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याने घरचं बी ठेवायचा, द्यायचा, ब्रँड न लावता विकायचाही हक्क आपल्याला आहे. तो वापरा. यंदा ज्याच्याकडे देशी बी आहे त्याने दहा बिया शेजाऱ्याला द्याव्यात. बदल्यात आवळासुद्धा मागू नका. एका घरातलं बी एका वाईट पावसात संपतं. दहा घरांतलं संपत नाही.