ओलाव्याचा दोष कोणाच्या माथी?

भंडारा जिल्ह्यात धानखरेदीचा हंगाम सुरू झाला की एक मत मोठ्या आत्मविश्वासाने मांडले जाते : तांदळात कणी वाढते, दाणा पिवळा पडतो, पोत्याला कुबट वास येतो, या साऱ्याचे मूळ शेतकऱ्याच्या निष्काळजीपणात आहे, सबब आधारभूत खरेदी केंद्रावरील तपासणी तेवढी कडक करावी, म्हणजे पुढचे सारे आपोआप निर्दोष होईल. हे मत मांडणाऱ्यांच्या सद्हेतूविषयी मला शंका नाही. त्यांचे निदान मात्र मुळातच चुकले आहे.

ओलावा १७ टक्क्यांहून अधिक नसावा आणि खराब, रंग बदललेले, अंकुरलेले व किडके दाणे मिळून ५ टक्क्यांच्या आत असावेत, ही मानके रास्तच आहेत. परंतु धान हे सजीव बीज आहे. केंद्रावर एकदा मोजली म्हणून त्याची प्रत तेथेच स्थिर राहत नाही. तुमसर-लाखांदूरकडचा शेतकरी धान उन्हात पसरतो, चार दाणे दाताखाली धरतो, 'कट्' असा कोरडा आवाज आला तरच पोती भरतो. पण काट्याची पाळी येईपर्यंत तीच पोती उघड्यावर रात्रीच्या दहिवरात भिजली आणि दिवसाच्या उन्हात तापली, तर वाळलेला दाणा पुन्हा ओलावा शोषतो, त्याच्या पोटात सूक्ष्म चिरा पडतात, आणि त्याच चिरा पुढे भरडाईत कणी होऊन बाहेर येतात. प्रतीक्षेत घडलेला दोष अशा रीतीने पिकवणाऱ्याच्या नावावर चढतो.

वजनाचेही तेच. १७ टक्के ओलाव्याचे एक क्विंटल धान १४ टक्क्यांवर आले की सुमारे साडेतीन किलोंनी घटते. ही घट निसर्गनियमाची आहे, ती गोदामाच्या दप्तरात रुजू व्हावी, शेतकऱ्याच्या काट्यावर आगाऊ वसूल होऊ नये.

उलटपक्षी, शेतकरी गरीब म्हणून मानकेच सैल करा, असे म्हणणाऱ्यांशीही मी सहमत नाही. ओलसर धानाची थप्पी आतून तापते, बुरशी धरते. आणि त्याचा तांदूळ २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याखाली रेशन दुकानातून ज्याच्या पदरात पडतो, तो बहुधा चिखलात वाकून रोवणी केलेला मजूरच असतो. निकृष्ट धान्य घेणे ही दया नव्हे; एका गरिबाचे ओझे दुसऱ्या गरिबाच्या ताटात उतरवणे आहे.

म्हणून माझे प्रतिपादन असे की, कसोटी सैल न करता तिचे क्षेत्र विस्तारावे. धान केंद्रावर येईल त्याच दिवशी त्याचा ओलावा मोजावा, त्या आकड्याची पावती शेतकऱ्याच्या हाती द्यावी, उभयतांसमक्ष मोहोरबंद केलेला नमुना जपून ठेवावा; आणि गोदामात शिरताना, गिरणीकडे सुपूर्द होताना, प्रतिक्विंटल ६७ किलो कच्चा तांदूळ परत येताना, प्रत्येक वेळी नवी मोजणी जुन्या मोजणीशी ताडून पाहावी. तफावत जेथे आढळेल तेथील ताबेदाराने जाब द्यावा. शेतकऱ्याने आपला दाणा दाताखाली धरून पाहिलेलाच आहे. त्यानंतर तो ज्यांच्या ताब्यात गेला, त्यांनीही आपापल्या मुदतीपुरती तेवढीच खात्री द्यावी, एवढाच हा न्याय आहे.