श्रेयांकांची बँक खुली. खर्चाला मात्र मर्यादा

परभणी : बारावीनंतर गावाजवळच्या महाविद्यालयात प्रवेश घ्यायचा आणि संधी मिळताच पुणे किंवा छत्रपती संभाजीनगर गाठायचे, ही परभणी जिल्ह्यातील अनेक विद्यार्थ्यांची वाट. मात्र इथे मिळविलेले श्रेयांक तिथे किती चालतील, हा प्रश्न नव्या शैक्षणिक धोरणानंतरही पूर्णपणे सुटलेला नाही.

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२१ मध्ये ‘अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स’ची नियमावली जाहीर केली. विद्यार्थ्याचे श्रेयांक त्याच्या खात्यात जमा होतात आणि कमाल सात वर्षे वापरता येतात. परंतु किमान ५० टक्के श्रेयांक पदवी देणाऱ्या संस्थेतच मिळवावे लागतात. ‘स्वयम्’वरील ऑनलाइन अभ्यासक्रमांची मर्यादा २०१६ मध्ये २० टक्के होती, २०२१ मध्ये ती ४० टक्के झाली.

याचा हिशेब साधा आहे. तीन वर्षांच्या पदवीला १२० श्रेयांक धरले, तर दोन वर्षांत ८० जमा होतात. दुसऱ्या विद्यापीठात त्यातील जास्तीत जास्त ६० चालतील. उरलेले २० म्हणजे एक सत्र वाया. त्या सत्राचे शुल्क, खोलीचे भाडे आणि खानावळीचा खर्च शेतकरी पालकाच्या माथी.

मग मर्यादा हवीच कशाला? पदवी ही विद्यापीठाने दिलेली हमी असते. परभणी, हिंगोली, नांदेड व लातूर या जिल्ह्यांत ती स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ देते. बहुतांश शिक्षण बाहेर झाले असेल, तर हमी कशाची द्यायची? शिवाय विषयाचे नाव एक असले तरी अभ्यासक्रमाची खोली एक नसते. केवळ परीक्षेवर श्रेयांक देण्यातही हीच अडचण आहे. अमेरिकेतील डार्टमथ कॉलेजने शालेय स्तरावरील ‘ॲडव्हान्स्ड प्लेसमेंट’ परीक्षांचे श्रेयांक २०१८ मध्ये पदवीधर होणाऱ्या तुकडीपासून बंद केले, ते अशाच शंकेपोटी.

आणखी एक कारण सहसा उघडपणे मांडले जात नाही. विद्यार्थी बाहेर शिकला तर तासिका घटतात आणि अनुदानित महाविद्यालयांतील प्राध्यापकांची पदे कार्यभारावर ठरतात. विनाअनुदानित संस्थांचा तर सारा डोलारा शुल्कावर उभा आहे.

दर्जासाठी घातलेली मर्यादा समजण्यासारखी आहे. तिच्या आडून तिजोरी सांभाळणे समर्थनीय नाही. हा फरक विद्यार्थ्याला कळावा, यासाठी कोणते श्रेयांक मान्य आणि कोणते अमान्य, हे प्रवेशशुल्क भरण्यापूर्वी कारणांसह लेखी देणे संस्थांवर बंधनकारक व्हायला हवे. अन्यथा बँकेत शिल्लक दिसेल, पण ती वटणार नाही.