तळे राखील तो भिंत बांधील

सायकलवरून लांब जाणाऱ्या माणसाकडे आपला समाज दोनच नजरांनी बघतो. माणूस तरुण असला तर 'शर्यतीची तयारी चाललेली दिसते' आणि चाळिशी उलटलेला असला तर 'डॉक्टरांनी सांगितलेलं दिसतं'. या गृहस्थाला नुसतंच कुठेतरी जायचं असेल, ही तिसरी शक्यता कुणाच्या मनाला शिवत नाही. मी त्या तिसऱ्या वर्गातला. मला तळं बघायचं असतं. तळं बघायला पहाटे पाचला उठून पन्नास किलोमीटर पायडल मारत जायची गरज काय, असं आमच्या घरातही विचारलं जातं. "अहो, कात्रजलाही तळं आहे, आणि तिथं बस जाते," हे वाक्य मी लग्नापासून ऐकत आलो आहे.

पुण्याच्या पश्चिमेला पाण्याला तोटा नाही. खडकवासला, पानशेत, वरसगाव, मुळशी, पवना. खरं म्हणजे ही सगळी धरणं. पण टेकड्यांच्या कुशीत पाणी साठलं आणि त्यात ढग उतरले की इंजिनिअरनं काहीही नाव दिलेलं असो, माझ्यासारखा माणूस त्याला तळंच म्हणणार. त्यातही माझा जीव पवनेवर. पौडपर्यंत हमरस्ता, मग कोळवणची वाट धरायची, जवण गाठायचं, तिकोना पेठेवरून पुढं गेलं की एका वळणावर डावीकडे एकदम पाणी दिसावं आणि पाण्यापलीकडे तुंगचा सुळका उभा असावा, अशी या रस्त्याची रचना आहे. निदान होती. त्या 'होती'साठीच हा लेख आहे.

पण आधी रस्त्याचा हिशेब सांगतो, कारण मी कॉमर्सचा पदवीधर आहे आणि हिशेबाशिवाय मला कशाचंच सुख होत नाही. माझी सायकल एकवीस गिअरची. त्यांतले तीन मी वापरतो, उरलेले अठरा अनामत म्हणून पडून आहेत. टेकड्यांच्या मुलखात सायकल चालवणं म्हणजे खातं चालवणं. चढ म्हणजे भरणा, उतार म्हणजे काढणं. सकाळी पिरंगुटचा घाट तुम्हाला फुकटात खाली सोडतो. तुम्ही हँडल सोडून छाती पुढे काढता, शीळसुद्धा घालता. ते कर्ज असतं. दुपारी एक वाजता, पाण्याची बाटली रिकामी असताना, तोच घाट वसुलीला रस्त्यात उभा राहतो, आणि व्याजासकट घेतो. समोरून येणाऱ्या वाऱ्याचा नियम तर सावकारालाही लाजवेल असा आहे. तुम्ही वेग दुप्पट केलात की त्याचा विरोध चौपट होतो. एवढा दर आमच्या बँकेनं लावला असता तर कर्जदारांनी काउंटर उखडलं असतं. वाऱ्याला काउंटर नाही.

तर सांगायचं असं, की सायकलवाल्यानं त्या तळ्याची किंमत रोख मोजलेली असते. ऑक्टोबरात टेकड्या सोनकीनं पिवळ्या झालेल्या असतात, खाचरांत इंद्रायणी तांदळाचा वास भरलेला असतो, आणि आपण धापा टाकत त्या वळणावर येतो. गेल्या ऑक्टोबरात मी असाच आलो आणि डावीकडे बघितलं. भिंत होती.

साधीसुधी नव्हे. आठ फूट उंच, वर काचा लावलेली, मधून मधून बोगनवेल सोडलेली. मला वाटलं, शंभर पावलांत संपेल. ती संपली, आणि दुसरी सुरू झाली. दुसरीनंतर पत्रे, पत्र्यांनंतर तारा, तारांनंतर हिरवं नेट, आणि नेटनंतर एक कमान, तिच्यावर 'लेक व्ह्यू'. म्हणजे तळं आहे याचा लेखी पुरावा होता, फक्त तळं दिसत नव्हतं. मी जाहिरातींच्या पाट्या वाचत चाललो. एका पाटीवर लिहिलं होतं, 'मावळचं स्वित्झर्लंड'. तिच्याशेजारी दुसरी, 'खासगी मालमत्ता. आत येऊ नये. कुत्र्यापासून सावध.'

आता स्वित्झर्लंडचं नाव काढलंच आहे तर सांगतो. त्या देशात जमिनीच्या नियोजनाचा १९७९ चा एक कायदा आहे. त्यात तत्त्व म्हणून लिहून ठेवलंय की तळ्यांचे आणि नद्यांचे काठ मोकळे ठेवावेत आणि लोकांना तिथं जाणं-येणं सोपं करावं. म्हणजे ज्यांच्या नावावर आम्ही भिंती विकतो ते भिंतीच्या विरुद्ध बाजूला उभे आहेत. स्वित्झर्लंड आणायचंच होतं तर चॉकलेटच्या आधी हा कायदा आणायला काय हरकत होती?

आमच्या एका स्नेह्यांचा असाच एक बंगला आहे. त्यांच्यापुढे मी हे गाऱ्हाणं मांडलं. ते म्हणाले, "अरे, रीतसर पैसे मोजून जमीन घेतलीय. तुझ्या बँकेत कुणीही यावं आणि तिजोरी बघून जावं, चालेल?" मुद्दा बिनतोड वाटला आणि मी पौडपर्यंत गप्प होतो. पौडला चहा प्यायल्यावर उत्तर सुचलं. साहेब, तिजोरी बँकेची, पण पाणी तुमचं नाही. जमीन तुमची असेल, तिची सातबाऱ्यावर नोंदही असेल. पण धरणासाठी जमिनी सरकारनं संपादन केल्या त्या सार्वजनिक कामासाठी. तुम्ही जमिनीचा भाव दिलात, पण तो भाव वाढला पाण्याच्या दर्शनानं. दर्शन दुसऱ्याचं आणि वसुली तुमची, याला आमच्या खात्यात चुकीची नोंद म्हणतात.

त्यांचा दुसरा मुद्दा असा, की लोकांना मोकळं सोडलं तर लोक घाण करतात, बाटल्या फोडतात, पावसाळ्यात पाण्यात उतरून जीव गमावतात. हे खरं आहे, आणि मी ते नाकारणार नाही. रविवारी संध्याकाळी त्या काठावरून सायकल ढकलत चालणं म्हणजे दोन टायरांचा पंक्चरशी सामना. पण बुडणाऱ्याला कठडा लागतो, पाटी लागते, शिट्टी वाजवणारा माणूस लागतो. भिंत लागत नाही. आणि बाटल्यांची खोकी सायकलच्या कॅरियरवर येत नाहीत हो! ती डिकीतून येतात आणि बहुतेक वेळा भिंतीच्या आतच उतरतात. माझ्या कॅरियरला एक पंप, दोन केळी आणि पंक्चरची डबी एवढंच मावतं. त्यातलं केळं संपल्यावर साल मी घरी आणतो, कारण आमच्याकडे त्याची चौकशी होते.

तिसरा मुद्दा रोजगाराचा. "गावातल्या लोकांना काम मिळालं की नाही?" मिळालं. त्या कामाबद्दलच सांगायचं आहे.

त्या दिवशी मी 'लेक व्ह्यू'च्या फाटकापाशी सायकल टेकवली. आत खुर्चीवर सत्तरीचे एक म्हातारबाबा, अंगात निळा शर्ट, खांद्यावर कंपनीची पट्टी, डोक्याला मात्र स्वतःचंच मुंडासं.

"बाबा, तळं कुठंय?" मी विचारलं.

"भिताडाच्या पल्याड," ते म्हणाले. "बघायचंय व्हय? आत सोडायची परवानगी न्हाई, पाव्हणं."

"जरा पाणी मिळेल?"

त्यांनी बाटली घेतली, भरून आणली. "तळ्याचं का?" मी उगाच विनोद केला.

"न्हाई, बोरचं." मग फाटकाच्या दोन पत्र्यांमधली फट त्यांनी काठीनं दाखवली. "हितनं दिसतंय बघा. त्या पल्याडच्या आंब्याच्या सरळ रेघंत, मधोमध. तिथं आमचं वावर व्हतं."

मी फटीला डोळा लावला. चार बोटं रुंद तळं दिसलं.

हे काही एकट्या त्या बाबांचं नाही. या मुलखातलं प्रत्येक तळं कुणीतरी मोल देऊन भरलेलं आहे. शेजारी मुळशीला १९२१ साली लोक धरणाविरुद्ध सत्याग्रहाला बसले. त्याच लढ्यानं पांडुरंग महादेव बापटांना 'सेनापती' केलं. लढा हरला, धरण झालं, आणि मुळशीचं पाणी डोंगर उतरून भिऱ्याला वीज करायला गेलं. पवनेचं धरण १९७० च्या दशकाच्या सुरुवातीचं. पाणी पिंपरी-चिंचवडच्या नळांना गेलं, पण कित्येक धरणग्रस्तांच्या पुनर्वसनाच्या फायली त्या पाण्याच्या वेगानं काही वाहिल्या नाहीत. ९ ऑगस्ट २०११ ला याच पाण्याच्या बंद जलवाहिनीविरुद्ध मावळचे शेतकरी द्रुतगती मार्गावर उतरले. गोळीबार झाला आणि तिघं गेले. त्या मानानं माझे पन्नास किलोमीटर ही चिल्लर आहे, हे मला समजतं. पण ज्यांची शेतं पाण्याखाली गेली त्यांना पाणी फटीतून बघायला लागावं, हा हिशेब कुठल्याच वहीत जुळत नाही. उन्हाळ्यात पाणी उतरलं की पवनेतून वाघेश्वराचं जुनं देऊळ वर येतं. देव वर्षातनं काही दिवस का होईना आपल्या गावात परत येतो. माणसाला मात्र गेटपास लागतो.

माझी मागणी मोठी नाही. बंगले पाडा असं मी म्हणत नाही. माझ्या पगारात तेवढा आवाज बसत नाही. काठाच्या रस्त्यावर दर दोन किलोमीटरला पन्नास पावलांची एक मोकळी जागा ठेवा. तिथं एक झाड, बसायला एक दगड आणि पाण्यापर्यंत एक पायवाट. भिंत घालायचीच तर कमरेइतकी घाला, म्हणजे तुमचं कुत्रं आत राहील आणि आमचं तळं बाहेर. आणि पहिल्या दगडावर बसायचा मान त्या म्हातारबाबांना द्या.

परत निघताना मी त्यांना एक केळं दिलं. त्यांनी ते अर्धं मोडून मला परत दिलं. "तळं राखील तो पाणी चाखील म्हंत्यात," ते हसत म्हणाले, "आमी तळ्याला वावर दिलं, आता भिताड राखतोय."

पिरंगुटच्या घाटानं त्या दुपारी माझी वसुली नेहमीप्रमाणे केली. घरी पोचल्यावर बायकोनं विचारलं, "काय, दिसलं का तळं?"

"दिसलं," मी म्हणालो, "चार बोटं."

"मी सांगत होते, कात्रजला बस जाते," ती म्हणाली आणि केळ्याची सालं मोजायला लागली.