जाणाऱ्याची किंमत कोण देतो?

अर्थशास्त्राच्या तासाला सरांनी एकदा सांगितले की, स्वतंत्र मजूर आणि वेठबिगार यांच्यातला खरा फरक मजुरीच्या आकड्यात नसून मालक सोडून जाण्याच्या मुभेत असतो. मी मागच्या बाकावरून विचारले, "सर, एक जण मालक सोडून गेला म्हणून त्याच्या बदली तिसऱ्याच माणसाला त्या मालकाकडे पाठवले, तर त्याला काय म्हणायचे?" वर्ग हसला. सर म्हणाले, "असे कुठे असते?" मी म्हणालो, "जपानमध्ये. बेसबॉलमध्ये." तेव्हा वर्ग आणखीच हसला. सरांनी मात्र "मग लिहून आण" असे बजावले. ते लिहिणे आज-उद्या करता करता लांबले आणि आता या अंकाच्या संपादकांच्या गळ्यात पडते आहे.

बेसबॉल हा खेळ आमच्या गावात कोणी पाहिलेला नाही. मीही मैदानावर पाहिलेला नाही. वसतिगृहातल्या मित्राच्या फोनवर रात्री-अपरात्री जे दिसते तेवढेच माझे ज्ञान. पण खेळापेक्षा मला नाद लागला तो हंगाम संपल्यानंतरच्या बातम्यांचा. जपानमध्ये ऑक्टोबर-नोव्हेंबरात सामने संपतात, मैदाने ओस पडतात, आणि मग कोण कुठे जाणार याची चर्चा सुरू होते. चेंडू एकही पडत नाही, तरी वर्तमानपत्रांची पाने भरतात. अशा दिवसांतच माणसांचे खरे हिशेब कळतात, असे मला वाटू लागले.

तिथे व्यावसायिक बेसबॉलचे 12 संघ आहेत, 6 सेंट्रल लीगमध्ये आणि 6 पॅसिफिक लीगमध्ये. 1965 पासून नव्या खेळाडूंची निवड 'ड्राफ्ट' पद्धतीने होते. म्हणजे शाळेतून किंवा विद्यापीठातून येणाऱ्या मुलाला संघ निवडतो, मुलगा संघ निवडत नाही. एकाच मुलावर अनेक संघांनी बोट ठेवले तर चक्क चिठ्ठ्या काढतात. चिठ्ठी ज्याच्या हाती त्याचा तो मुलगा. आपल्याकडच्या आयपीएलमध्ये निदान बोली तरी चढते.

एकदा संघात गेला की खेळाडू त्याच संघाचा. सोडायचे तर खेळच सोडावा लागे. 1993 साली 'फ्री एजंट' ही सवलत आली. दहा वर्षे चाकरी केल्यावर खेळाडूने "मी मोकळा आहे" असे जाहीर करावे आणि हव्या त्या संघाशी बोलणी करावीत. पहिल्याच वर्षी चुनिची ड्रॅगन्सचे हिरोमित्सु ओचिआई हे योमिउरी जायंट्सकडे गेले. तीन वेळा फलंदाजीचे तिहेरी मुकुट मिळवलेला, चाळिशीला टेकलेला हा माणूस. पुढच्याच वर्षी 8 ऑक्टोबर 1994 रोजी जायंट्स आणि चुनिची सारख्याच गुणांवर येऊन शेवटच्या सामन्यात भिडले. नागोयाच्या मैदानावर ओचिआईंनी आपल्या जुन्या संघाविरुद्ध होमरन ठोकला आणि अजिंक्यपद जायंट्सना मिळाले. सोडून जाण्याची मुभा म्हणजे काय, हे जपानी प्रेक्षकांना त्या एका संध्याकाळी समजले असेल.

पुढे मुदत कमी झाली. 2008 च्या बदलानंतर देशातल्या संघात जाण्यासाठी शाळेतून आलेल्याला 8 वर्षे, विद्यापीठ किंवा कंपनीच्या संघातून आलेल्याला 7 वर्षे, आणि परदेशी जाण्यासाठी 9 वर्षे असा हिशेब ठरला. वाचायला सोपे वाटते. पण इथे 'वर्ष' म्हणजे पहिल्या फळीच्या संघात 145 दिवस नाव नोंदलेले असणे. दुसऱ्या फळीत घाम गाळलेले दिवस त्यात धरत नाहीत, त्यामुळे बहुतेकांची कारकीर्द ही मुदत भरण्याआधीच संपते. ज्यांची भरते त्यांतलेही फार थोडे हात वर करतात. आपल्या संघाला नको म्हणणे हे तिथे अजून जरा बेइमानीचेच समजतात.

या बेइमानीच्या समजुतीचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे ताकाहिरो अराई. हिरोशिमाचाच मुलगा, हिरोशिमा कार्प संघात वाढलेला. कार्प हा गरिबांचा संघ. 1951 साली तो बुडायला आला तेव्हा लोकांनी मैदानाच्या दाराशी ठेवलेल्या पिंपांत पैसे टाकून तो जगवला. अशा संघातून 2007 साली अराईंनी हानशिन टायगर्सकडे जायचे ठरवले आणि ते सांगताना पत्रकारांसमोर ते ढसाढसा रडले. लोकांना कळेना, जायचे तर रडतो कशाला आणि रडतो तर जातो कशाला! दुसऱ्या वर्षी हिरोशिमात खेळायला आले तेव्हा त्याच गावाने त्यांची हुर्यो उडवली. 2015 साली ते पुष्कळ कमी पगारावर परत आले, 2016 मध्ये कार्पने 25 वर्षांनी लीग जिंकली तेव्हा वयाच्या 39 व्या वर्षी सर्वोत्तम खेळाडू ठरले, आणि 2023 मध्ये त्याच संघाचे व्यवस्थापक झाले. जायचे आणि रडायचे, दोन्ही खरे असू शकते, हे मला तरी नवे नाही. एस. टी. च्या थांब्यावर ट्रंक घेऊन उभे राहिलेल्या कुणालाही ते कळेल.

पण माझा मुद्दा अराईंविषयी नाही. अराई गेले तेव्हा त्यांच्या बदल्यात एक माणूस हानशिनकडून हिरोशिमाला पाठवला गेला. त्याचे नाव मासातो आकामात्सु.

हा नियम नीट समजून घेतला पाहिजे. मोकळा होणारा खेळाडू जुन्या संघात पगाराच्या मानाने पहिल्या दहांत असेल, तर त्याला घेणाऱ्या नव्या संघाने जुन्या संघाला भरपाई द्यायची. ती नुसती पैशांत देता येते, किंवा पैसे अधिक एक खेळाडू अशी. नवा संघ आपल्या 28 जणांची नावे राखून ठेवतो. परदेशी आणि नुकतेच भरती झालेले वगळून उरलेल्यांतून जुना संघ हवा तो उचलतो. संघात साधारण 70 जण असतात, त्यामुळे निम्म्याहून अधिकांची नावे त्या यादीत नसतात. यादी जाहीर होत नाही. आणि ज्याला उचलले त्याने "मी जात नाही" म्हटले, तर त्याचे खेळणे बंद. ना त्याने संघ सोडायचे म्हटले, ना त्याने वाढीव पगार मागितला. दुसऱ्याच्या स्वातंत्र्याचे बिल त्याच्या नावावर फाडले जाते.

संघमालकांचे म्हणणे मी ऐकून घ्यायला तयार आहे. ते म्हणतात, आम्ही पोर घडवायचे, दहा वर्षे खर्च करायचा, आणि श्रीमंत संघाने ऐन भरात ते उचलून न्यायचे. मग हिरोशिमासारख्यांनी जगायचे कसे? हे खोटे नाही. जायंट्ससारख्या वर्तमानपत्राच्या जोरावर उभ्या असलेल्या संघाला लगाम हवाच. पण तो लगाम पैशाचा असावा. अमेरिकेत काही मोठ्या खेळाडूंच्या बदल्यात पुढच्या ड्राफ्टमधली निवडीची संधी द्यावी लागते. तीही शेवटी माणसेच, हे मान्य. पण ती अजून कुठल्या संघात रुळलेली नसतात, त्यांनी तिथे घर भाड्याने घेतलेले नसते, पोरे शाळेत घातलेली नसतात.

शिवाय हा लगाम ज्याच्यासाठी आहे त्याला तो खुपतो का, हेही पाहावे. हिसायोशी चोनो या खेळाडूला 2006 साली निप्पॉन हॅमने आणि 2008 साली लोट्टेने निवडले. दोन्ही वेळा त्याने नकार दिला, कारण त्याला जायंट्सकडेच खेळायचे होते. वर्षे घालवून तो 2009 च्या ड्राफ्टमध्ये तिथे पोचला आणि 2011 मध्ये लीगचा पहिल्या क्रमांकाचा फलंदाज ठरला. पुढे जायंट्सनी हिरोशिमाचा योशिहिरो मारू घेतला आणि जानेवारी 2019 मध्ये भरपाई म्हणून चोनो हिरोशिमाला गेला. 28 जणांत त्याचे नाव नव्हते. त्याच हिवाळ्यात सेईबूचा यष्टीरक्षक घेतल्याबद्दल जायंट्सचा जुना पिचर तेत्सुया उत्सुमी सेईबूला गेला. त्यानेही एके काळी जायंट्ससाठी दुसऱ्या संघाला नकार दिला होता. संघावर निष्ठा ठेवा असे सांगणारेच निष्ठेचा काय भाव लावतात, ते इथे दिसते. जायंट्सनी 2019 ची लीग जिंकली. लगाम त्यांना फारसा खुपला नाही, खुपला तो चोनोला. (2022 च्या अखेरीस तो जायंट्सकडे परतला, हे सांगायला हवे.)

ही पद्धत काही नियम झाल्यावरच सुरू झाली असे नाही. 1978 साली सुगुरु एगावा या पिचरला जायंट्सनी ड्राफ्टच्या आदल्या दिवशी, नियमातली एक फट शोधून, करारबद्ध केले. मोठा गदारोळ झाला, तो करार रद्द ठरला, चिठ्ठीत एगावा हानशिनला मिळाला, आणि शेवटी तडजोड म्हणून जानेवारी 1979 च्या शेवटच्या दिवशी जायंट्सनी आपला पिचर शिगेरु कोबायाशी हानशिनला देऊन एगावाला घेतले. कोबायाशी त्या वेळी सरावाच्या शिबिराला निघाला होता; त्याला हानेदा विमानतळावरून परत बोलावून हे सांगण्यात आले. त्या वर्षी त्याने 22 सामने जिंकले. जायंट्सविरुद्ध 8 जिंकले, एकही हरला नाही. हा आकडा मी पहिल्यांदा वाचला तेव्हा खोलीत एकटाच टाळ्या पिटत होतो. एगावा आणि कोबायाशी पुढे 2007 साली एका साकेच्या जाहिरातीत समोरासमोर बसले. मधे 28 वर्षे गेली होती.

आता माझ्या विरुद्ध जाणारा पुरावा. तो लपवला तर सर मला गुण देणार नाहीत. आकामात्सु हानशिनमध्ये बहुधा दुसऱ्या फळीतच अडकलेला होता. हिरोशिमात आल्यावर त्याला खेळायला मिळाले. 2010 साली सीमेच्या भिंतीवर चढून त्याने जाणारा होमरन हातात पकडला, ते चित्र जगभर गेले, आणि त्या वर्षी उत्कृष्ट क्षेत्ररक्षणाचे पारितोषिकही त्याला मिळाले. हिरोशिमाने त्याला आपला मानला. पुढे त्याला जठराचा कर्करोग झाला, 2017 च्या आरंभी शस्त्रक्रिया झाली, तरी तो 2018 मध्ये दुसऱ्या फळीत पुन्हा मैदानावर उतरला आणि 2019 मध्ये निवृत्त झाला. म्हणजे 2016 च्या विजयी संघात सोडून गेलेला अराई आणि त्याच्या बदल्यात आलेला आकामात्सु, दोघेही होते. भरपाईचा नियम नसता तर आकामात्सु कदाचित कुणाला माहीतही झाला नसता.

यावर माझे उत्तर असे की, अडकलेल्या खेळाडूला वाट हवी हे खरे, पण ती दुसऱ्याच्या जाण्याला बांधलेली कशाला? डिसेंबर 2022 पासून तिथे खेळत्या खेळाडूंचा वेगळा ड्राफ्ट सुरू झाला. प्रत्येक संघ आपल्याकडे संधी न मिळणाऱ्यांची नावे देतो आणि दुसरे संघ त्यांतून निवडतात. पहिल्याच खेपेला सेइया होसोकावा चुनिचीला गेला आणि 2023 मध्ये त्याने 24 होमरन मारले. कोतारो ओताके हानशिनला गेला, 12 सामने जिंकला आणि हानशिन जपानचा अजिंक्य ठरला. इथेही खेळाडूला कुणी विचारत नाही, हे माझ्या लक्षात आहे. पण निदान तो कुणाची किंमत म्हणून जात नाही.

आणि खेळाडूंनी संघटित होऊन मागितले तर मिळते, हेही तिथे दिसले आहे. 2004 साली मालकांनी दोन संघ एकत्र करून संघांची संख्या घटवण्याचे ठरवले, तेव्हा अत्सुया फुरुता यांच्या नेतृत्वाखाली खेळाडूंनी 18 आणि 19 सप्टेंबर हे दोन दिवस इतिहासातला पहिला संप केला. विलीनीकरण टळले नाही, पण रिकाम्या जागी नवा संघ आला आणि 12 चे 11 झाले नाहीत. भरपाईच्या कलमाविरुद्ध मोठ्या पगाराच्या खेळाडूंनीच प्रथम उभे राहायला हवे, कारण जाताना कुणाचे बोट धरून त्याला उंबऱ्याबाहेर काढावे लागणार आहे, हे त्यांना माहीत असते.

इथे स्वतःविषयी चार ओळी लिहिणे भाग आहे. आमच्या घरातून कॉलेजात आलेला मी पहिलाच. माझ्या आधी यायला हवा होता तो दादा. दहावीला त्याला माझ्याहून चांगले गुण होते. पण दोघांना शिकवणे जमणार नव्हते आणि शेताकडे कुणीतरी बघायला हवे होते. वडिलांनी ठरवले. मी तेव्हा आठवीत होतो, मला काहीच कळले नाही, आणि सुटीत घरी गेलो की मी त्याला कॉलेजच्या गमती सांगत असे.

दिवाळीत मी त्याला आकामात्सुची गोष्ट सांगितली. भिंतीवर चढून पकडलेला तो झेल फोनवर दाखवला. त्याने तो दोनदा पाहिला. मग म्हणाला, "त्याला आधी इचारलं व्हतं का कुणी?"

"नाही."

"आन् जात न्हाई म्हनला आसता तर?"

"तर खेळणे बंद."

तो काही बोलला नाही. तिसऱ्यांदा झेल पाहिला, फोन माझ्याकडे दिला आणि परीक्षा कधी आहे ते विचारले.