रोलर ओढणाऱ्याची कप्तानी



चौदा एप्रिलची मिरवणूक संपते, अंगावरची नीळ अजून गेलेली नसते, आणि तिकडं अमेरिकेत पंधरा एप्रिल उजाडतो. त्या दिवशी मोठ्या लीगमधला बेसबॉलचा प्रत्येक खेळाडू, गोरा असो की काळा, पाठीवर एकच आकडा घालतो : ४२. तो जॅकी रॉबिन्सनचा. १५ एप्रिल १९४७ ला ब्रुकलिनच्या मैदानावर हा काळा गडी गोऱ्यांच्या लीगमध्ये उतरला. त्याआधी साठेक वर्षं दारं बंद. कायदा लिहिलेला नव्हता, मालकांची आपसात समजूत होती. असली समजूत आपल्याला कुणी समजावून सांगायला नको. त्या दिवशी बॉस्टनविरुद्ध त्याला बॅटनं काही जमलं नाही, तरी आघाडीची धाव त्याचीच. ब्रुकलिन ५-३ नं जिंकलं.

पण पिंपरी-चिंचवडच्या पोरांनो, एवढ्या लांब कशाला? लोकल धरा, पुण्यात उतरा. तिथं रॉबिन्सनच्या पन्नास वर्षं आधी आपला एक गडी साहेबांच्या क्लबात रोलर ओढत होता. बाळू पालवणकर. जात चांभार, पगार महिना चार रुपये. जाळ्यात साहेबांना चेंडू टाकायचा. बॅट मात्र हातात मिळायची नाही. बॅट साहेबाची, घाम गड्याचा.

गोऱ्यांना हरवायचं तर पुण्याच्या हिंदूंना हा डावखुरा हात पाहिजेच होता. घेतला. मैदानात त्यानं टाकलेला चेंडू सगळ्यांनी झेलला, विटाळ झाला नाही. चहाला मात्र बाळू बाहेर, मातीच्या भांड्यात. जेवायला वेगळं टेबल. म्हणजे विटाळ चेंडूला नसतो, कपबशीला असतो!

१९०६ ला मुंबईत हिंदूंनी गोऱ्यांना हरवलं, ते त्याच्या हातानं. १९११ ला इंग्लंडात त्यानं शंभरावर गडी बाद केले. पण कप्तानी? ती वरच्यांचीच. १९२० ला विठ्ठल आणि शिवराम या भावांनी संघातून अंग काढून घेतलं, तेव्हा कुठं साल्यांचे डोळे उघडले. बाळूला उपकप्तानी दिली. १९२३ ला विठ्ठल कप्तान झाला आणि हिंदू संघ जिंकला. ध्यानात घ्या : शंभर विकेटींनी जे झालं नाही, ते मैदान सोडल्यावर झालं.

आता कडू घोट. तरुणपणी बाबासाहेबांनी ज्या बाळूचं कौतुक केलं, तोच बाळू १९३७ च्या निवडणुकीत काँग्रेसच्या बाजूनं बाबासाहेबांविरुद्ध उभा राहिला. दोनेक हजार मतांनी हरला. काही दोस्त म्हणतात, त्याचं नावच घेऊ नका. मला ते पटत नाही. ज्यांनी त्याला कपबशी दिली नाही, त्यांनीच त्याला तिकीट दिलं. ही खेळी ज्यांची, त्यांना जाब विचारा. बाळूची चूक झाकू नका, त्याचा घामही टाकू नका.

रॉबिन्सन १९७२ च्या ऑक्टोबरात गेला. त्याच साली इकडं पँथर जन्मली. मरणाच्या नऊ दिवस आधी भर मैदानात तो म्हणाला, संघ चालवणारा काळा माणूस मला बघायचाय. त्याला तो दिसला नाही. पहिला काळा मॅनेजर १९७५ ला झाला.

गोदीत मी ओझी उचलतो. मला ठाऊक आहे, त्यांना आपली पाठ चालते, डोकं चालत नाही. चाकणपासून पिंपरीपर्यंत तुम्हीही मोजा : कंपनीच्या मैदानावर रोलर कोण ओढतं, माठ कोण भरतं, कप्तान कोण? आणि आत, शेडमध्ये, झाडू कोण मारतं, ठेक्यावर कोण, खुर्चीत कोण?

संघात घेतलं म्हणून हुरळू नका. देहूरोडला २५ डिसेंबर १९५४ ला बाबासाहेबांनी बुद्धमूर्ती बसवली, त्या पंचक्रोशीतली पोरं आपण. आपल्याला टाळ्या नकोत. कप्तानी पाहिजे. देत नसतील तर विठ्ठल-शिवरामनी वाट दाखवलीय : रोलर तिथंच सोडा, आणि सगळे मिळून बाहेर या.

जयभीम!