मक्याच्या मुलखातला खेळगडी

वाचकहो, ‘खेळून काय पोट भरतं?’ हा प्रश्न तुमच्याही घरात कधी ना कधी निघालाच असेल. आज त्यावर एका परदेशी शेतकऱ्याच्या मुलाची हकिगत ऐका.

अमेरिकेतले आयोवा राज्य म्हणजे मक्याचे आगर. तिथल्या अडेल गावी १९१८ साली नाईल किनिक जन्मला. पुढे मंदी आली, शेतमालाचे भाव कोसळले आणि १९३४ साली वडिलांना नोकरीसाठी कुटुंब घेऊन ओमाहा शहर गाठावे लागले. भाव पडले की घराचे काय होते, ते तुम्हांला वेगळे सांगायला नको.

नाईल शिकायला आयोवाच्याच विद्यापीठात आला आणि फुटबॉल खेळू लागला. हा फुटबॉल आपला नव्हे. चेंडू लंबगोल, तो हातात धरून पळायचे आणि समोरच्यांनी अंगावर झेप घेऊन पाडायचे. थोडा आपल्या कबड्डीसारखाच धसमुसळा! नाईल अंगाने बेताचाच, आणि संघही सदा हरणारा. १९३८ साली आठपैकी एकच सामना जिंकलेला. पण १९३९ साली त्याच संघाने आठपैकी सहा जिंकले. नाईल सलग ४०२ मिनिटे मैदानाबाहेर आला नाही. चढाई करणाराही तोच, बचाव करणाराही तोच. बलाढ्य नोटर डेमला त्यांनी ७-६ असे हरवले, तेव्हा आयोवाचे सातही गुण नाईलचेच होते.

त्या वर्षी त्याला हाइजमन करंडक हा तिथल्या कॉलेज फुटबॉलमधला सर्वांत मोठा मान मिळाला. युरोपात तेव्हा युद्ध पेटले होते. करंडक घेताना तो म्हणाला, की आपण रणांगणावर नव्हे, खेळाच्या मैदानावर आहोत, याबद्दल देवाचे आभार.

पैसे घेऊन खेळण्याचे बोलावणे आले, ते त्याने नाकारले आणि कायद्याच्या अभ्यासाला बसला. अभ्यासातही तो हुशारच. पण युद्ध दाराशी आले, तसा तो नौदलात वैमानिक झाला. २ जून १९४३ रोजी व्हेनेझुएलाजवळच्या समुद्रावर सरावाच्या वेळी त्याच्या विमानातून तेल गळू लागले. विमान त्याने पाण्यावर उतरवले. मदतीची होडी पोहोचली तेव्हा पाण्यावर फक्त तेलाचा तवंग होता. वय अवघे चोवीस. पुढच्याच वर्षी धाकटा भाऊ बेन, तोही वैमानिक, युद्धात गेला. तीन मुलांपैकी एकच आईबापांच्या पदरात उरला.

विद्यापीठाच्या मैदानाला नाईलचे नाव द्यायचे ठरू लागले, तेव्हा वडिलांनीच आधी हरकत घेतली. इतक्या घरांतली मुले गेली, मग एकट्या माझ्याच मुलाचे नाव कशाला? शेवटी १९७२ साली ते नाव लागले, ते आजही आहे.

खेळाने पोट भरते की नाही, ते तुम्ही ठरवा. पण पोरगा संध्याकाळी धुळीने माखून घरी आला, की लगेच रागावू नका. आधी पाणी द्या, आणि मग पुस्तकही हातात द्या. नाईलने दोन्ही सांभाळले होते.